साठीनंतर लेह-केदारनाथ : रात्रीच्या ऑक्सिजनचा हिशेब कसा ठेवायचा

‘दर रविवारी सिंहगड चढतो, पर्वती एक दिवस चुकत नाही, आम्हाला लेहला काय होणार?’ पुण्यातल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात सहलीची बैठक भरली की हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. दम चांगला असणं कामाला येतं, त्यात वाद नाही. पण सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर. १,३०० मीटरवर विरळ हवेची शरीराला धड ओळखही होत नाही. शिवाय ज्याचा दम चांगला त्याला विरळ हवा बाधत नाही, असाही काही नियम नाही. धडधाकट पंचविशीतली पोरं तिथे डोकं धरून बसतात. आणि मुख्य म्हणजे सिंहगडावर आपण पिठलं-भाकरी खाऊन खाली येतो. लेहला मुक्काम करतो, झोपतो. उतारवयात सगळा फरक त्या झोपण्याने पडतो.

मी डॉक्टर नाही. ज्येष्ठांचे गट डोंगराळ भागात नेण्यात बरीच वर्षं गेली, त्या अनुभवातून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे पक्कं झालं ते इथे सांगतो. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

रात्री नेमकं काय होतं

हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, पुण्यातही आणि लेहमध्येही. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकिनारी तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर, पुण्यात सातशेच्या थोडा वर आणि लेहमध्ये पाचशेच्या आसपास. म्हणजे प्रत्येक श्वासात किनाऱ्यावरच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश ऑक्सिजन कमी.

ऑक्सिमीटरवरचा आकडा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. रक्तातला ऑक्सिजनचा दाब आणि हा टक्का यांचा आलेख पाचगणीच्या टेबललँडसारखा असतो : वर लांबलचक सपाटी आणि मग एकदम कडा. दाब १०० वरून ७० वर आला तरी टक्का ९७-९८ वरून ९४ च्या आसपास येतो, फारसं काही जाणवत नाही. साठच्या खाली दाब गेला, म्हणजे टक्का नव्वदच्या खाली आला, की पुढची प्रत्येक छोटी घसरण मोठी दिसते. लेहमध्ये पोचल्या दिवशी निरोगी माणूसही ८५ ते ९२ च्या दरम्यान असतो, थेट कड्यावर. जागेपणी आपण नकळत जोरात श्वास घेऊन तग धरतो. झोप लागली की श्वास उथळ होतो आणि आकडा आणखी पाच-दहा अंकांनी खाली येतो.

त्यात भर पडते थांबून थांबून चालणाऱ्या श्वासाची. रात्रीचे दोन वाजलेत. काका तीन-चार खोल श्वास घेतात, मग एकेक श्वास लहान होत जातो आणि मग काहीच नाही. पांघरूण हलायचं थांबतं. काकू उठून बसतात, मनात आकडे मोजायला लागतात. दहा, अकरा, बारा… आणि काका घुसमटल्यासारखा मोठा श्वास ओढतात. पुन्हा तेच चक्र, साधारण अर्ध्या अर्ध्या मिनिटाचं. कारण सरळ आहे. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर जोरात श्वास घेतं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. आणि झोपेत ‘श्वास घे’ हा हुकूम मुख्यतः त्या वायूच्या पातळीवरूनच निघत असल्याने मेंदू काही सेकंद हुकूमच देत नाही. २,५०० मीटरच्या वर हे तरुणांतही सर्रास होतं, पुरुषांत जास्त. भीती वाटते खरी, पण एवढ्यानेच कुणी धोक्यात आहे असं होत नाही.

वयाने काय बदलतं, काय बदलत नाही

वय वाढतं तसे फुप्फुसातले स्थितिस्थापक धागे सैलावतात. त्यामुळे श्वास सोडताना फुप्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या लवकर मिटतात आणि तिथून जाणाऱ्या रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. उभं असताना हे साधारण पासष्टीनंतर होतं. आडवं झाल्यावर मात्र चाळिशीच्या मध्यापासूनच. म्हणून दिवसा ठणठणीत असलेल्या आजोबांचा आकडा गादीवर पाठ टेकताच दोन अंक उतरतो. सत्तरीत रक्तातला ऑक्सिजनचा दाब तरुणपणाच्या मानाने आधीच पंधरा-वीस मिलिमीटरने कमी असतो. पुण्यात आपण त्या आलेखाच्या सपाटीवर असल्यामुळे तो कळत नाही, लेहमध्ये कळतो. घोरणं आणि झोपेत घसा बंद होण्याचा त्रास म्हणजे स्लीप अ‍ॅप्निआ, तोही वयाबरोबर वाढतो. बायकांना प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं थोडं संरक्षण असतं, कारण ते श्वासाला चालना देतं. पाळी थांबल्यावर तेही जातं, त्यामुळे ‘घोरण्याचा प्रश्न फक्त यांचा’ हे काकूंचं म्हणणं साठीनंतर तपासून घ्यावं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. विरळ हवा लागण्याचं, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांचं प्रमाण ज्येष्ठांत तरुणांपेक्षा जास्त आढळत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या व्हेल या सुमारे २,५०० मीटरवरच्या गावी ५९ ते ८३ वयाच्या ९७ जणांवर झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १६ टक्क्यांनाच हा त्रास झाला. तेव्हा वय पाहून घरी बसवायचं कारण नाही. ज्येष्ठांत अडचण येते ती आधीपासूनच्या दुखण्यांनी आणि चुकीच्या जागी काढलेल्या रात्रीने.

निघण्याच्या महिनाभर आधी : स्वतःचा पुण्यातला आकडा

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढा. आतल्या पेन्सिल सेलनी गळून पत्रे हिरवे केले असतील तर सरळ नवा घ्या. मग आठवडाभर दोन वेळा आकडा लिहा : रात्री पाच मिनिटं शांत बसल्यावर, आणि सकाळी डोळे उघडल्यावर उठायच्या आधी, आडवं असतानाच. शेजारी नाडीचे ठोकेही लिहा. घरातल्या कुणी तरी दोन-तीन रात्री झोप लागल्यावर तासाभराने हळूच बोटाला लावून चार-पाच मिनिटं पाहावं. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा असे दोन्ही आकडे टिपावेत.

पुण्यात झोपेत आकडा वारंवार नव्वदच्या खाली जात असेल तर तिकीट काढायच्या आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा. ‘वयाने होतं असं’ म्हणून सोडू नका. स्लीप अ‍ॅप्निआ आहे का, हे झोपेच्या चाचणीत कळतं, आणि ही चाचणी आता घरीसुद्धा करून मिळते.

आकडा घेण्याच्या काही सवयी इथेच लावून घ्या. हात गरम हवा. लेहमध्ये गार बोटावर यंत्र काहीही दाखवतं, तेव्हा आधी तळवे चोळा. नेलपॉलिश, काळी मेंदी नको. हात न हलवता निदान अर्धा मिनिट थांबा, मगच वाचा. गडद त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, आणि ऐंशीच्या खाली कुठल्याही घरगुती यंत्रावर फार विसंबू नये. मनगटी घड्याळाचा रात्रीचा आलेख कल कळण्यापुरता ठीक.

आणि हिमोग्लोबिन तपासून घ्याच. ऑक्सिमीटर टक्का सांगतो, मात्रा नाही. ज्या काकूंचं हिमोग्लोबिन आठ आहे त्यांचा आकडाही पुण्यात ९७ दिसतो, पण प्रत्यक्षात रक्तातून वाहून नेला जाणारा ऑक्सिजन बारा-तेरा हिमोग्लोबिनवालीच्या दोन तृतीयांशच असतो. उंचीवर ही तूट दुप्पट भोवते.

डॉक्टरांकडे जाताना

‘लेहला जाऊ का?’ एवढंच विचारलंत तर उत्तर मिळेल ‘जा, काळजी घ्या.’ कागदावर लिहून न्या : कोणत्या रात्री कुठे, किती मीटरवर झोपणार, तुमचा पुण्यातला झोपेतला आकडा किती, आणि सगळ्या गोळ्यांची नावं, झोपेच्या गोळीसकट. ती झोपेची गोळी बरेच जण डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण ती वर्षानुवर्षं मेडिकलमधून परस्पर आणलेली असते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी श्वास मंदावतो आणि घशाचे स्नायू सैल पडतात. एकदम बंद केल्या तर वेगळाच त्रास, म्हणून आधीच बोला. दारूचंही तेच, ‘थंडीत एक पेग’ पहिल्या रात्री सगळ्यात महागात पडतो.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, हार्ट फेल्युअर, आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर, फुप्फुसातल्या रक्तदाबाचा आजार, किंवा सीओपीडी या श्वासनळ्यांच्या जुनाट आजारामुळे पुण्यातच आकडा कमी राहणारी माणसं : यांनी डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय उंचीवरचा मुक्काम ठरवू नये. उंचीवर पहिले काही दिवस ब्लडप्रेशर वाढतं, म्हणून घरचं यंत्र सोबत घ्या.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, याबद्दल नक्की विचारा. ही गोळी मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त किंचित आम्ल होतं आणि श्वासाला चालना मिळते. त्यामुळे रात्रीचं थांबून थांबून श्वास घेणं कमी होतं आणि झोपेतला आकडा वर राहतो. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. २५० ची गोळी मिळाली तर अर्धी. सल्फाची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास, आधीच चालू असलेली लघवीची गोळी किंवा मोठ्या मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, त्याने घाबरू नका. लघवीला मात्र जास्त होते, आणि ज्यांना प्रोस्टेटमुळे आधीच रात्री तीनदा उठावं लागतं त्यांच्यासाठी अंधारात, गारठ्यात, परक्या बाथरूमच्या ओल्या फरशीवरून जाणं हाच मोठा धोका ठरतो. संध्याकाळची मात्रा लवकर घेता येईल का ते विचारा, आणि उशाला टॉर्च ठेवा. गोळीची पहिली चव पुण्यातच दोन दिवस घेऊन पाहिलेली बरी.

स्लीप अ‍ॅप्निआसाठी रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन वापरणाऱ्यांनी ते घरी ठेवून जायचा मोह टाळावा. खोलीत रात्रभर वीज असते का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

मुक्कामांची आखणी

इथे मी थोडा हट्टी आहे. दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री कुठे पडलात हे महत्त्वाचं. सर्वमान्य नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. पुणे-दिल्ली-लेह विमानाने गेलात तर हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो. सकाळी ५६० मीटरवर उठलेला माणूस ३,५०० वर झोपतो. म्हणून लेहमध्ये ४८ तास पूर्ण विश्रांती सांगतात. साठीच्या पुढच्यांसाठी मी तिसरी रात्रही लेहमध्येच धरतो. टूर कंपनी ‘पहिल्या दिवशी शांतिस्तूप, दुसऱ्या दिवशी मॅग्नेटिक हिल’ असं छापून देते. दोन्ही दिवसांवर रेघ मारा.

वेळ हाताशी असेल तर श्रीनगर-कारगिल रस्त्याने जा. श्रीनगर सुमारे १,६००, कारगिल २,७००, मग लेह. निवृत्त माणसाला दोन दिवस वाचवून करायचंय काय! मनाली मार्गाने गेलात तर सारचूच्या तंबूतली रात्र टाळाच, ते ४,३०० मीटरच्या आसपास आहे.

नुब्रा खोऱ्यातलं हुंदर ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली. झोपायला उत्तम. वाटेत खारदुंगला हा घाट सुमारे ५,३५० मीटरवर लागतो, तिथे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे. सत्तरीच्या पुढच्यांनी तिथे रात्र काढूच नये असं माझं मत. पहाटे निघून संध्याकाळी परत या, किंवा मुक्काम हवाच असेल तर तो सहलीच्या शेवटी.

केदारनाथ ३,५८० मीटरवर. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांना वाटतं आपण सुरक्षित, पण त्यांचं शरीर काही मिनिटांत दीड-दोन हजार मीटर वर फेकलं जातं. दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली गुप्तकाशीला, सुमारे १,३०० मीटरवर, झोपायला आलात तर रात्रीचा प्रश्नच मिटतो. हवामान बिघडून वर अडकण्याची शक्यता मात्र गृहीत धरा. औषधं आणि गरम कपडे हॉटेलवर ठेवून जाऊ नका.

पहिल्या तीन रात्री

जेवण हलकं आणि लवकर. भरल्या पोटाने आडवं झालं की श्वासाला जागा कमी पडते. पाठीवर सपाट झोपू नका, कुशीवर झोपा, दोन उशा घ्या. पाणी तहानेप्रमाणे आणि थोडं जास्त. ‘पाच लिटर प्या’ हा सल्ला लघवीच्या गोळीवर असलेल्या ज्येष्ठांना सोडियम उतरवून गोंधळात टाकू शकतो.

खोली उबदार हवी, पण बंद खोलीत बुखारी, सिगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तात चढला तरी साधा ऑक्सिमीटर फसतो आणि आकडा चांगलाच दाखवतो. डोकं दुखतंय आणि आकडा उत्तम, अशा वेळी आधी दार उघडा.

कापराची पुडी मी कुणाच्या हातातून काढून घेत नाही. हुंगलं की नाकाला गार वाटतं, मन शांत होतं. ऑक्सिजन मात्र एका अंकानेही वाढत नाही. होमिओपॅथीतल्या कोका ३० च्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांचंही तेच. त्यांच्या भरवशावर मुक्काम ठरवू नका. बाजारात मिळणारा छोटा ऑक्सिजन कॅन काही मिनिटांत संपतो, रात्रीसाठी त्याचा उपयोग नाही, आणि विमानात तो नेताही येत नाही. लेहमधल्या बऱ्याच हॉटेलांत सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर असतो. बुकिंग करतानाच विचारा, आणि पोचल्यावर तो चालू करून दाखवायला सांगा. नळी आणि मास्क कुठे आहे, किल्ली कुणाकडे, रात्री दोनला कुणाला उठवायचं, हे उजेडी पाहून ठेवा.

आता रात्रीचा आकडा. पाहणारा जोडीदार बहुधा श्वास थांबलेला असताना यंत्राकडे बघतो आणि तिथे बरा आकडा दिसतो. मग श्वास सुरू होतो आणि आकडा कोसळतो. त्याने घाबरगुंडी उडते. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत यायला आणि यंत्राला सरासरी काढायला वीस-तीस सेकंद लागतात, त्यामुळे यंत्र नेहमी थोडं मागचं सांगतं. म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, चार मिनिटांतला वरचा आणि खालचा लिहा.

खालचा आकडा पंचाहत्तरच्या आसपास रेंगाळत असेल तर माणसाला उठवा, बसवा, बोलतं करा. पाच मिनिटांत आकडा त्याच्या दिवसाच्या पातळीवर आला, डोकं ठिकाणावर आहे, छाती मोकळी आहे, तर पुन्हा झोपू द्या. तो झोपेचाच परिणाम होता. बसूनही वर येत नसेल, किंवा त्याच हॉटेलातल्या बाकी ज्येष्ठांपेक्षा जागेपणीचा आकडा आठ-दहाने खाली असेल, तर ऑक्सिजन लावा आणि डॉक्टर गाठा. मिनिटाला एक-दोन लिटर ऑक्सिजनही झोपेत मोठा फरक पाडतो. लक्षणं बिघडत असतील तर मात्र आकडा चांगला असला तरी वाट पाहायची नाही.

झोप नुसती तुटक लागली, स्वप्नं विचित्र पडली, एवढ्यावरून विरळ हवा लागली असं समजू नका. ती मोजण्याच्या लेक लुईस गुणपद्धतीतून २०१८ मध्ये झोपेचा मुद्दा काढूनच टाकला. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत आकडा चढायला लागतो. चढायच्या ऐवजी रोज उतरत असेल तर ती काळजीची गोष्ट.

कधी उतरायचं, आणि कुठे

बसल्या जागी धाप, वाढता खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, छातीत घरघर : फुप्फुसात पाणी होत असल्याची ही चिन्हं बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री दिसतात. तोल जाणं, बरळणं, नातवाचं नाव न आठवणं ही मेंदूवर सूज आल्याची. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला सांगतात, पण गुडघ्यांमुळे ज्येष्ठांना ते एरवीही जमत नाही. म्हणून ही चाचणी पुण्यात घरच्या फरशीवर करून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. तिथे संशय आला तर तुलनेला काही तरी हाताशी असतं, आणि ‘यांचं असंच असतं’ विरुद्ध ‘नाही हो, बिघडलंय’ हा वाद संपतो.

उतरणं हाच खरा उपाय, पण लडाखचा भूगोल इथे आडवा येतो. नुब्रातून लेहला यायला खारदुंगला ओलांडावा लागतो, पँगाँगहून यायला ‘चांग-ला’ हा घाट. दोन्ही ५,३०० मीटरच्या वर. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढायचं, तेही आजारी माणसाला घेऊन. म्हणून लेह सोडण्यापूर्वी जागेपणीचा आकडा स्थिर आणि डोकं, छाती मोकळी असेल तरच पुढे जायचं. नाहीतर त्या एकट्याने नव्हे, जोडीदारासह लेहमध्येच राहायचं. लेहमधल्या सोनम नुरबू मेमोरियल रुग्णालयाला अशा रुग्णांचा रोजचा सराव आहे. तिथून खाली येण्याचा जलद मार्ग विमानाचा, आणि लेहची बहुतेक विमानं सकाळच्या वेळात सुटतात. त्यामुळे दुपारी ‘बघू रात्रभर’ असं म्हणून टाळलेला निर्णय थेट दुसऱ्या सकाळवर जातो. गटात निर्णय कुणी घ्यायचा ते पुण्यातच ठरवा. शक्यतो ती व्यक्ती पेशंटची नवरा किंवा बायको नसावी, आणि तिच्याकडे सगळ्यांचे पुण्यातले आकडे, गोळ्यांची यादी आणि घरच्यांचे फोन एका कागदावर लिहिलेले असावेत. कागदावर अशासाठी, की तिथे बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही आणि गारठ्यात मोबाइलची बॅटरीही लवकर मान टाकते.